लाडेपो उभा राहतो

१४ जानेवारी, मंगळवार

आज दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की आहे, कारण नेमकं तेव्हाच मी जेवणाच्या रांगेत मनगटावरचं घड्याळ दाखवून भांडत होतो. दोनशे बंडखोर सकाळी सातपासून धुळीत उभे आणि अजून आमाल्याचा एक गोळा नाही, हे काय चाललंय, असं ओरडत होतो. डायरेक्टर ओगा रोपो खुर्चीतून उठले. लागोसचे आहेत, सहसा उठत नाहीत. वाटलं, आता हाकलतात. तर माझ्याकडे बोट करून म्हणाले, हा. हाच पाहिजे. ह्याच्या डोळ्यांत आग आहे.

मग कळलं की लाडेपोचं काम करणारा नट टायफॉइडनं आडवा झालाय. लाडेपो म्हणजे अख्ख्या पिक्चरचा जीव. जुलमी राजा घोड्यावरून बाजारात येतो. विणलेल्या दर दोन कापडांतलं एक कर म्हणून उचलून नेणारा राजा. सगळा गाव पोटावर पडून लोटांगण घालतो आणि एकटा लाडेपो उभा राहतो. म्हणतो, माझी पाठ आज वाकणार नाही. एवढंच. तिथून बंड पेटतं, राज्य उलथतं.

शूटिंग येत्या गुरुवारच्या पुढल्या गुरुवारी, २३ला. घोडा एकच दिवस मिळालाय.

कपडेपटातली इबिदुन सगळं पाहत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर नक्की हसली असती.

१५ जानेवारी, बुधवार. सकाळ

संकल्प: २३पर्यंत कुणापुढेही लोटांगण नाही. राजा असो, मामा असो, मशिदीतले वडीलधारे असोत. भूमिका अंगात मुरली पाहिजे.

सुरुवात घरापासून. मामा अंगणात मागावर बसले होते. समोर ताठ उभा राहिलो आणि नुसतं तोंडानं नमस्कार म्हटलं. मामांनी धोटा थांबवला. मान न वळवता विचारलं, पाठीला काय झालं रे? म्हटलं, काही नाही, कामाची तयारी. म्हणाले, पॉलिटेक्निक अर्ध्यात टाकून आलास, ती कसली तयारी होती?

सडेतोड उत्तर देणार होतो. तेवढ्यात जमिनीवर एक धागा दिसला. तो उचलायला वाकलो. पोट टेकलं असेल. धागा लांब होता.

(पॉलिटेक्निकबद्दल एकदाच लिहून ठेवतो. सर्व्हेइंगच्या सरांनी चारचौघांत माझा अपमान केला म्हणून मी तत्त्वासाठी बाहेर पडलो. निघताना सरांपुढे दोनदा लोटांगण घातलं ते सवयीनं. हजेरीचा ह्याच्याशी काही संबंध नाही.)

१७ जानेवारी, शुक्रवार

इबिदुननं माझं माप घेतलं. छाती: चौतीस इंच. मी श्वास भरून छत्तीस केली. ती म्हणाली, सोड, मग मोजते. सोडला.

मग आजूबाजूला पाहून हळू आवाजात बोलली. शब्द न शब्द लिहून ठेवतोय. लागोसला ह्या पिक्चरचं एडिटिंग होणार आहे, तिथे तिला हाताखाली घ्यायला तयार आहेत. युनिटची बस शनिवारी, २५ला निघते. पण तिचे वडील नाही म्हणतात. एकदा नाही म्हणाले की त्यांच्यापुढे पुन्हा तोंड उघडायची घरात कुणाची टाप नाही. तिचीही नाही. तोंड उघडायला जाते आणि गुडघे आपोआप टेकतात, म्हणाली. एकदा गुडघे टेकले की जे बोलायचं ते तोंडातून निघतच नाही.

तिचे वडील म्हणजे बाबा ओलागोके. आमचा जुलमी राजा तेच.

म्हणाली, गुरुवारी तू त्यांच्यासमोर उभा राहणार आहेस. आपल्या आख्ख्या इसेयिन गावात आजवर कुणी राहिलेलं नाही. शॉट झाला की खूश असतात ते. तेव्हाच जाऊन माझं सांगशील? जो त्यांच्यापुढे उभा राहील त्याचंच ते ऐकतील.

ह्याचा अर्थ एकच होतो. ती सरळ म्हणू शकत नव्हती, मुलीच्या जातीला शोभत नाही, म्हणून लागोस मध्ये घातलं. गुरुवारी उभा राहायचं, तिच्या बापाला जिंकायचं, शनिवारी दोघांनी बसमध्ये. छाती खरंच छत्तीस झाल्यासारखी वाटते.

मुलांची नावं नंतर.

१८ जानेवारी, शनिवार

सराव. खरं काय ते लिहायचं ठरवलंय.

पीठगिरणीवाल्या आजोबांपुढे उभा राहिलो. पूर्ण उभा! ते झोपलेले होते, तरीही.

वळणावर दोन म्हातारे सोंगट्या खेळत होते. आमच्यात नुसतं पुढे जाऊन चालत नाही. बसलेल्याला बसल्याचा नमस्कार, काम करणाऱ्याला कामाचा, उन्हात असेल त्याला उन्हाचा. तिन्ही उभ्यानं उरकले. एक म्हातारा म्हणाला, हा कुणाचा? दुसरा म्हणाला, अरे, तो आपल्या कापडवाल्याचा भाचा, लठ्ठ फी भरून काही न शिकलेला. मी रागानं लाल झालो. परत फिरलो आणि त्यांना सुनावण्यासाठी जवळ गेलो. जवळ गेल्यावर हात जमिनीला लागले. रागात माणसाचा तोल जातो.

हरमॅटनच्या वाऱ्याची धूळ फार आहे. ओठ फुटलेत. पाठ अशीच सुकून ताठ झाली तर बरं.

२० जानेवारी, सोमवार

रंगीत तालीम. बाबा ओलागोके आले नव्हते. चाळीस वर्षं ट्रकवर मंडळी घालून गावोगाव नाटकं केलीत त्यांनी, तालमीला ते येत नाहीत. त्यांच्या जागी काठीला राजाचा झगा टांगून मुकुट बसवला होता. मी त्या झग्यापुढे अकरा वेळा उभा राहिलो. अकरा! बाराव्या वेळी ओगा रोपोंनीच थांबवलं, म्हणाले, पुरे, उरलेली आग गुरुवारसाठी ठेव.

कपडेपटातून टाळी आली. एकच टाळी, पण आली. (माशी मारत होती असं मागाहून म्हणाली. लाजते.)

एक गोष्ट कानावर आली ती टिपून ठेवतो. बाबांचा नाटकातला नियम असा की रंगमंचावर कुणी काही बोललं, चुकीचं बोललं, वेडंवाकडं बोललं, तरी त्याला उत्तर रंगमंचावरच द्यायचं. थांबायचं नाही, हसायचं नाही, भूमिका सोडायची नाही. एकदा म्हणे भर नाटकात शिपायाचं काम करणारा नट उसने मागायला लागला. बाबांनी राजाच्या आवाजात त्याला फाशी सुनावली आणि खेळ पुढे नेला.

असा माणूस माझा सासरा होणार.

२२ जानेवारी, बुधवार. दुपार

सकाळचा नाश्ता तसाच टाकला. भीती नाही. आकाराचे वडे तेलकट होते.

इबिदुननं माझा लाडेपोचा पोशाख शिवून दिला, निळीत रंगवलेला. घालून पाहिला. तिनं विचारलं, नक्की जमेल ना? बस तेरवा निघते. मी म्हटलं, तू सामान भर. ती म्हणाली, बाबांनी काल पुन्हा विषय निघायच्या आतच बंद केला. आता उद्याशिवाय दिवस नाही.

मी अगदी शांत आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय कारण वही मांडीवर आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी ६.४०. जनरेटरच्या गाडीमागे बसून लिहितोय. घोडा आला. पांढरा आहे, भलताच उंच. पाचला परत न्यायचा.

९.१५. बाबा ओलागोके आले. मोटारीतून उतरले आणि अख्खा सेट खाली गेला. कॅमेऱ्याचा माणूस, जेवणवाल्या बाया, ड्रायव्हर. पोलीससुद्धा. शूटिंग सुरू व्हायला अजून वेळ होता. ओगा रोपो हसत म्हणाले, अरे, हे तर सगळे आधीच तयार आहेत. मी गाडीमागे होतो म्हणून वाचलो. हे शुभच म्हणायचं.

१०.५०. पहिला टेक. नगारे. त्यातला बोलका नगारा खराखुरा राजाची बिरुदं बोलत होता. घोडा बाजारात आला. दोनशे लोक पडले. मी उभा होतो, देवाशपथ उभा होतो. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मला आठवतं ते एवढंच की तोंडात धूळ होती.

११.३०. दुसरा टेक. चूक नगाऱ्याची होती. तो अंगातूनच बोलतो, पाय स्वतःहून निघतात. ओगा रोपोंना सांगितलं. त्यांनी नगारा बंद केला. पुन्हा पडलो, ह्या वेळी शांततेत. आवाज मोठा आला.

१२.१०. तिसरा. अर्धाच गेलो! गुडघे वाकले पण हात टेकले नाहीत. बसकण मारल्यासारखं दिसलं म्हणे. ही प्रगती आहे हे कुणी लक्षात घेतलं नाही.

१.००. जेवायला सुट्टी. बाबा स्वतः घोड्यावरून उतरून माझ्याकडे आले. राजाच्या पोशाखात, चेहरा मात्र मऊ. म्हणाले, बाळा, घाबरू नकोस, मी तुझा वैरी आहे असं समज, माझ्या वयाकडे बघू नकोस, खुशाल उभा राहा. एवढा मोठा माणूस, माझ्याशी एवढ्या मायेनं बोलला. उपकाराची जाणीव म्हणून मी लोटांगण घातलं. पाठीमागे ओगा रोपोंनी टोपी जमिनीवर आपटली.

२.४५. चौथा, पाचवा. लिहीत नाही.

३.३०. ओगा रोपोंनी मला बाजूला केलं. म्हणाले, आग होती, सगळी जमिनीला लागली. मग गर्दीतून दुसरा कुणी शोधायला लागले. एक खाटीक आला, मानेनं बैल. घोडा दिसताच पडला. शाळेतले एक मास्तर आले. ते तर बाबा घोड्यावर चढायच्या आधीच पडले. दारू विकणारी एक बाई म्हणाली, अहो, आमच्या पोराचं नाव ठेवलंय ह्यांनी, मी कशी उभी राहू? लागोसचे लोक आधी हसत होते, आता हसेनासे झाले. ऊन कलायला लागलं. ओगा रोपो घोडेवाल्याला आणखी तासभर थांब म्हणून विनवत होते.

इबिदुन पोशाखांच्या ढिगाजवळ उभी आहे. माझ्याकडे पाहत नाही. आमच्या दोघांचं काय होणार ह्याच विचारात असावी.

४.१०. इबिदुन माझ्याकडे आली. म्हणाली, काढ.

म्हटलं, काय?

पोशाख, म्हणाली. लवकर. ऊन जातंय.

५.३०. झालेलं क्रमानं लिहितो.

तिनं लाडेपोचा निळा पोशाख स्वतःच्या कपड्यांवर चढवला, डोक्याला फडकं बांधलं आणि बाजारात माझ्या खुणेवर जाऊन उभी राहिली. मी बनियन आणि चड्डीवर गर्दीत. कुणाला काही विचारायला वेळ नव्हता. ओगा रोपोंनी हात वर केला. नगारे वाजले. घोडा आला. दोनशे लोक पडले. मीही पडलो. गर्दीत होतो, पडायचंच होतं. आज पहिल्यांदाच बरोबर पडलो.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. तोंड मातीत होतं.

बाबांचा आवाज आला, राजाचा: जमिनीला लाग! असा आवाज की माझ्या छातीखालची माती हलली.

तिचा आवाज आला नाही. शेजारचा खाटीक पुटपुटत होता, टेक बाई, गुडघे टेक, बाप आहे तुझा. घोडा खूर आपटत होता. मला वाटलं, गेली ही, आता धपकन आवाज येणार.

मग ती म्हणाली, माझी पाठ आज वाकणार नाही.

वाक्य झालं. इथे राजानं घोडा वळवून माघारी जायचं असतं. पण ती थांबली नाही. त्याच आवाजात म्हणाली, आणि शनिवारच्या बसनं मी लागोसला जाणार आहे.

ओगा रोपो कट म्हणाले नाहीत. कॅमेरा चालू होता त्याची बारीक घरघर ऐकू येत होती. मी मनात म्हटलं, आता बाबा उतरणार आणि हिच्या कानशिलात लगावणार, शॉट गेला, घोडा गेला, लागोस गेलं, सगळं गेलं.

बाबा बोलले. राजाच्याच आवाजात. जरा खाली आला होता आवाज, पण राजाचाच होता. म्हणाले, जा. पण दर रविवारी माझ्या दरबारी खबर आली पाहिजे.

आणि घोडा वळला. खूर माझ्या डोक्याजवळून गेले. दोनशे माणसं ऐकत पडली होती. सगळ्यांच्या देखत दिलेला शब्द ते फिरवणार नाहीत.

कट! मग गलका. लोक नाचायला लागले. ओगा रोपो म्हणाले, वा, पण अडीचशे वर्षांपूर्वी बस कुठली? इबिदुन खाली बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. म्हणाली, ते वाक्य लागोसला गेल्यावर मीच कापीन.

विचार केला तर हे सगळं माझ्यामुळे झालं. मी पाच वेळा पडलो नसतो तर ती उभी राहिली असती का? आतून मला ते ठाऊकच असणार.

२५ जानेवारी, शनिवार. सकाळ

बॅग भरली. मामांना सांगितलं, लागोसला चाललो. मामा म्हणाले, दुपारी जेवायला आहेस ना, भात टाकायचा का?

सकाळी ११. बस गेली.

इबिदुन भेटली. धावतच माझ्याकडे आली आणि म्हणाली, बरं झालं आलास, ही पेटी टपावर चढवून दे. चढवली. म्हटलं, इबिदुन, तुला माहीत आहे मी कशासाठी आलोय. ती म्हणाली, हे बघ, खूप दिवस बोलायचं होतं. मी तुझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी आहे. पहिल्या दिवसापासून तू मला अरेतुरे करतोयस. कामाचा वेळ होता म्हणून चालवून घेतलं. आता निघताना तरी अहो म्हण.

म्हटलं, अहो.

ती म्हणाली, पॉलिटेक्निकला परत जा. आणि बसमध्ये चढली.

वयाचं अंतर प्रेमात मोजत नाहीत. शिवाय अकरा महिने म्हणजे वर्षसुद्धा नाही.

दुपारी जेवलो. भात टाकलेला होता.

२९ जानेवारी, बुधवार

इबिदुनला अकरा मेसेज पाठवले. लागोसला नेटवर्क वाईट आहे म्हणतात.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

आता बस झालं. रात्रभर विचार करून ठरवलं. मुलीपासून सुरुवात केली हीच चूक. रीतसर बापाकडे जायचं. एकटं. समोर उभं राहायचं, उभ्यानं सांगायचं: बाबा, तुमच्या मुलीशी मला लग्न करायचंय. नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही. सरळ बाहेर पडायचं आणि दार असं आपटायचं की अख्ख्या गल्लीला कळावं, इथून कोण गेला.

दुपार

गेलो. बाबा ओलागोके एकटेच होते. अंगात बनियन, नाकावर चष्मा, समोरच्या ताटलीतला मोइन-मोइन तसाच. दोन्ही हातांत फोन. मी उंबऱ्याच्या आत आलो आणि उभा राहिलो. हे मी शपथेवर लिहितो. पाठ ताठ, गुडघे ताठ. जमलं. म्हटलं, बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय.

ते म्हणाले, ये, बस, ऐक, ऐक. मुलीची रविवारची खबर आलीय. चौथ्यांदा ऐकतोय. आणि फोन मोठ्यानं लावला.

इबिदुनचा आवाज खोलीत आला. खोली बरी आहे. भात महाग आहे. खुर्चीवर बसून पाय सुजतात. बाजाराचा प्रसंग आजच कापायला घेतला, बसचं वाक्य उडवलं. मग हसली. म्हणाली, आणि बाबा, पहिल्या टेकमधला तो पडणारा, कोलापो की कोलावोले कोणसा, त्याचं पडणं आम्ही ठेवलंय. ओगा म्हणतात, असं खरं पडणारा नट त्यांनी पाहिला नाही. तो पडतो तेव्हा कळतं की बंड का करावं लागलं.

फोन थांबला. बाबांनी डोळे पुसले, चष्मा वर सरकवला आणि मला नीट निरखून पाहिलं. म्हणाले, हा कोलापो कोण रे? तू असशीलच तिथे, ओळखतोस?

उभा असल्यामुळे त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

म्हटलं, नाही.

म्हणाले, भेटला तर सांग त्याला, माझ्या मुलीनं नाव काढलंय. बरं, तू कशासाठी आला होतास?

म्हटलं, असंच. तुमची तब्येत विचारायला. येतो मी, बाबा. आणि निरोप घेतला. निरोप जसा घेतात तसा. छाती, पोट, गुडघे, सगळं थंड फरशीला लागलं.

वरून बाबांची आनंदाची आरोळी आली. अरे! अरे, तूच तो!

उठलो. गुडघे झटकले. बाहेर आलो. दाराची मूठ धरली आणि हात मागे ओढला, आपटायलाच ओढला होता. पण आत वडीलधारं माणूस बसलेलं. दार हळूहळू ओढत आणलं, कडीचासुद्धा आवाज होऊ दिला नाही, आणि लावून घेतलं.